टीव्ही लावण्याआधी पाच मिनिटं

मुंबई दूरदर्शनवर पूर्वी 'साप्ताहिकी' नावाचा कार्यक्रम लागायचा. पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय आहे, एवढंच त्यात सांगत. तरी आमच्या घरी तो कुणी चुकवत नसे. आई वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायची : 'गजरा' कधी, 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये कोण येणार, 'छायागीत' कधी. आजोबांचं 'आमची माती, आमची माणसं' ठरलेलंच. कार्यक्रम संपला की टीव्ही बंद, वर कापडी झाकण.

आता वाहिन्या शेकड्यानं आहेत, पण ती वही मात्र राहिली नाही. ती पुन्हा काढा, एवढंच मला आज सांगायचंय.

गेल्या महिन्यात मावशीकडे राहायला गेले होते. संध्याकाळी सातला तिनं टीव्ही लावला तो साडेदहाला बंद केला. एकामागून एक मालिका. मध्येच विचारलं, "यातली कुठली आवडते गं?" म्हणाली, "आवडतं असं नाही, लागलेलं असतं म्हणून बघते." मावशी तरुणपणी गाणं शिकलेली. तिच्या रिमोटवरचं 'गाईड'चं बटण दाबून दाखवलं, तर आठवड्याभराचे कार्यक्रम वेळेसकट पडद्यावर आले. सह्याद्रीवर दोन दिवसांनी गाण्याचा कार्यक्रम होता, नेमका तिच्या एका मालिकेच्या वेळेला. तिथेच 'रिमाइंडर' लावून ठेवला. त्या दिवशी वेळेवर पडद्यावर पट्टी आली, तेव्हा ती मांडीवरची भाजी बाजूला ठेवून सरसावून बसली आणि शेवटपर्यंत हातानं ताल धरून होती. इतकी वर्षं तो रिमोट तिच्या उशाशी होता, पण ते बटण तिला कुणी दाखवलंच नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून घरातल्या जाणत्या मुलामुलींना विनंती : आजी-आजोबांना हे बटण दाखवा. एकदा दाखवून भागत नाही, चार दिवस रोज दाखवा. डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नसेल तर तुम्ही वाचा, त्यांना निवडू द्या.

मालिका बघू नका, असं मी म्हणत नाही. दिवसभर राबलेल्या बाईला आपल्या आवडीची गोष्ट बघावीशी वाटते, त्यात काही वावगं नाही. पण अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळल्या तर गोष्ट वीस-बावीस मिनिटांचीच असते आणि बहुतेक भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात. मग मनापासून आवडणाऱ्या एक-दोन धरा, बाकीच्या सोडा. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो, म्हणजे ऐन मालिकांच्या वेळेला. त्या दिवसांत रिमोट कधी कुणाकडे, हे चहाच्या वेळीच ठरवून टाका. जेवताना रोजची धुसफूस तरी टळेल.

वाहिन्यांचा महिन्याचा खर्च परवडत नसेल तर दूरदर्शनची 'फ्री डिश' आहे. छत्री आणि सेट-टॉप बॉक्स एकदा घ्यायचा, पुढे महिन्याचं भाडं नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र हयगय नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, त्याहून लहानांना तर मुळीच नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालीच सांगितलंय. संध्याकाळच्या बातम्यांतून खून-मारामारीची दृश्यं पुन्हा पुन्हा फिरवतात. मोठ्यांच्या ती अंगवळणी पडलेली असतात. ताट घेऊन समोर बसलेलं पोर मात्र घास तोंडात तसाच धरून बघत राहतं. अशा वेळी आवाज कमी करून भागत नाही. वाहिनी बदला. दाखवलेलं फारच आक्षेपार्ह वाटलं तर वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१च्या नियमांनुसार त्यांना पंधरा दिवसांत तक्रार निकाली काढावी लागते.

आज दिवेलागणीला टीव्ही लावण्याआधी पाच मिनिटं 'गाईड' उघडा. जे बघायचं ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा आणि शेजारी टीव्ही बंद करायची वेळही लिहा.