वेबसाइट झाली म्हणजे जमीन एनए होत नाही!

मी वेबसाइट बनवतो. सध्या सगळ्यात जास्त फोन जमिनीवाल्यांचे. "कोकणात प्लॉटिंग आहे, इन्व्हेस्टर लोकांसाठी साइट पाहिजे, रविवारी लाँच." मी म्हणतो, महारेरा नंबर पाठवा. निम्मे तिथंच गप्प होतात. उरलेले म्हणतात, "नंबर प्रोसेसमध्ये आहे हो, तुम्ही बुकिंगचं बटण टाकून ठेवा."

का टाकायचं? रेरा कायदा २०१६चा आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत फ्लॅट ही सूट सोडली, तर नोंदणीआधी विक्री सोडाच, जाहिरातसुद्धा चालत नाही. आणि जाहिरात म्हणजे नुसता चौकातला फ्लेक्स नव्हे, वेबसाइटही त्यातच आली. १ ऑगस्ट २०२३ पासून तर महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केलाय.

आता आमच्या धंद्यातली गंमत सांगतो. डोमेन काही शे रुपयांत मिळतं. तयार टेम्प्लेट घ्या, दुसऱ्याच कुठल्या डोंगराचा ड्रोन शॉट लावा, झाली कंपनी! "फक्त ७ प्लॉट शिल्लक" असा जो आकडा दिसतो ना, तो बऱ्याचदा हातानं टाइप केलेला असतो. खालचं उलटं घड्याळ पेज रिफ्रेश केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि हे बघून एसटीतून रिटायर झालेला माणूस ग्रॅच्युइटीचे पैसे टोकन म्हणून भरतो!

त्यात "फार्म प्लॉट, सातबारा तुमच्या नावावर" हे तर कहरच. १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ आहे की! शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ही ओळ कुठल्या साइटवर वाचलीत का? मी तरी नाही.

आमचेच काही डिझायनर म्हणतात, "आपण फक्त डिझाइन करतो, मजकूर क्लायंटचा." वा रे वा! घड्याळ कोणी बसवलं मग?

घेणाऱ्यांनो, साइट कितीही चकचकीत असू दे, आधी गट नंबर मागा. महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट शोधता येतो. दहा मिनिटांचं काम आहे. आणि डिझायनर मित्रांनो, तुम्ही केलेल्या साइट आज रात्री एकदा उघडा. नंबर नसेल तर बुकिंगचं बटण आधी काढा, क्लायंटला फोन नंतर करा.