एकच पदक, दोन वेळा

लढाऊ वैमानिकाचे नाव निघाले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती विमाने पाडली?" फलंदाजाला शतके विचारावीत तसा हा प्रश्न. विचारणाराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण या हिशेबाला मोठी परंपरा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन वैमानिकाला 'पूर ल मेरीत' हा सर्वोच्च सन्मान मिळावयाचा तर प्रारंभी ८ विमाने पाडलेली असावी लागत. पुढे ही अट १६ वर गेली. रिख्तहोफेन या गाजलेल्या वैमानिकाला तो सन्मान १९१७ च्या जानेवारीत मिळाला तो सोळा पुरी झाल्यावर. म्हणजे इतर जिनसांप्रमाणे शौर्याचाही भाव वर्षभरातच दुप्पट झाला! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ठरावीक मोहिमा पार पाडल्या की 'एअर मेडल' देण्याची पद्धत ठेवली होती. ठरलेले तास भरले की हजेरीपटावर खूण, असाच तो प्रकार.

या सर्व हिशेबात अजिबात न बसणारा एक वैमानिक आपल्या हवाई दलात होऊन गेला. त्याच्या खात्यावर पाडलेले विमान एकही नाही. शत्रूवर टाकलेला बॉम्ब नाही, झाडलेली गोळी नाही. त्याने छायाचित्रे काढली. आणि तरीही महावीर चक्र, म्हणजे युद्धातील शौर्याबद्दलचे आपल्या देशातील दुसऱ्या क्रमांकाचे पदक, दोनदा मिळविणारा हवाई दलातला तो पहिला अधिकारी ठरला. विंग कमांडर जगमोहन नाथ हे ते नाव. आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेला सैनिकांच्या त्यागाचा विषय दर वर्षाआड असतो. परंतु हे नाव कोणाच्या भाषणात आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

नाथांकडे वळण्यापूर्वी पदकांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण फितींची भाषा आपण शिकलेलो नाही. अधिकाऱ्याच्या डाव्या खिशावर रंगीत फितींच्या तीनचार ओळी पाहिल्या की आपल्याला वाटते, केवढा हा पराक्रम! वस्तुतः त्यातल्या बहुतेक फिती शौर्याच्या नसतात. नोकरीची ९ वर्षे झाली की एक, २० झाली की दुसरी, ३० झाली की तिसरी. स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली तेव्हा सेवेत होता, म्हणून आणखी एक. १९६५ च्या युद्धात अमुक भागात कर्तव्यावर होता, म्हणून समर सेवा तारा. १९७१ ला पूर्वी तारा अथवा पश्चिमी तारा. या फिती माणूस कोठे होता एवढेच सांगतात. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यांची बेरीज करून शूरांचा क्रम लावणे म्हणजे पासपोर्टवरचे शिक्के मोजून विद्वत्ता ठरविण्यासारखे आहे.

याखेरीज १९६० साली सुरू झालेल्या विशिष्ट सेवा पदकांच्या तीन पायऱ्या आहेत. ही पदके उत्कृष्ट सेवेची आहेत, आणि त्यांतले सर्वांत वरचे बहुधा सर्वांत वरच्या हुद्द्यांवर आढळते. येथे एक गोष्ट मला सदैव खटकत आली आहे. पदके धारण करण्याच्या अधिकृत क्रमात परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्या आधी येते. हृषीकेश मूळगावकर या मराठी वैमानिकाला १९४७-४८ च्या काश्मीरच्या युद्धाबद्दल महावीर चक्र मिळाले; १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते. परंतु त्यांच्या नावापुढे अक्षरे लिहावयाची तर आधी परम विशिष्ट सेवा पदक, नंतर महावीर चक्र. गोळ्यांच्या वर्षावात मिळविलेले मागे आणि कार्यालयातल्या कर्तृत्वाचे पुढे! शासनाची यामागे काही उपपत्ती असेल. मला ती पटत नाही.

महावीर चक्राचे स्वरूप मात्र फार देखणे आहे. चांदीचे वर्तुळ, त्यावर पाच टोकांचा तारा, मधोमध राष्ट्रचिन्ह, आणि अर्धी पांढरी, अर्धी भगवी फीत. २६ जानेवारी १९५० रोजी ही चक्रे स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू करण्यात आली. त्यांची रचना केली सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने स्वित्झर्लंडच्या आणि विवाहाने मराठी झालेल्या या बाईंनी परमवीर चक्रासाठी इंद्राचे वज्र निवडले. आणि नियम असा, की तेच पदक पुन्हा मिळाले तर दुसरे चक्र छातीवर येत नाही. पहिल्याच्याच फितीवर एक आडवी पट्टी बसवितात. नुसती फीत लावलेली असेल तेव्हा तिच्यावर चक्राची एक छोटी प्रतिकृती येते. दुरून पाहणाऱ्याला ती दिसतही नाही. आजवर महावीर चक्र दोनदा मिळविणारे सहाच जण झाले. त्यांपैकी अरुणकुमार वैद्य हे आपल्या अलिबागचे, रणगाड्यांच्या दलातले. हवाई दलाचे दोघे : नाथ आणि पद्मनाभ गौतम.

नाथांचा जन्म १९३० चा, पंजाबातल्या लय्या या गावचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे. ते ज्या १०६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये होते तिचे काम टेहळणीचे. विमान कॅनबेरा, दोन इंजिनांचे, ब्रिटिश बनावटीचे मूळचे बॉम्बफेकी. टेहळणीच्या कॅनबेरात बॉम्बच्या जागी कॅमेरे असत आणि स्वसंरक्षणासाठी तोफा नसत. वैमानिक व त्याचा नॅव्हिगेटर असे दोघेच आत. उंच जावयाचे, ठरलेली रेषा न सोडता सरळ उडावयाचे (वेडेवाकडे उडाल्यास छायाचित्रे बिघडतात) आणि कोणी मागे लागले तर पळावयाचे. चकमकीतल्या वैमानिकाला निदान उलट हाणण्याचे समाधान असते. येथे तेही नाही.

यातला धोका कल्पनेतला नव्हता. १० एप्रिल १९५९ रोजी याच स्क्वॉड्रनचे एक कॅनबेरा रावळपिंडीच्या बाजूला पाकिस्तानी सेबर विमानांनी पाडले होते. आतले दोघे सुदैवाने वाचले आणि परत आले. पुढच्याच वर्षी, १ मे १९६० ला, अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान रशियाने आपल्या हद्दीत पाडले, आणि त्याचा वैमानिक पॉवर्स याच्यावरील खटला साऱ्या जगाने पाहिला. टेहळणी वैमानिक पकडला गेला तर त्याचे सरकार प्रथम कानांवर हात ठेवते, हे त्या प्रकरणात सर्वांना दिसले. हे सर्व ठाऊक असताना १९६० पासून १९६२ पर्यंत नाथ अक्साई चीन आणि तिबेट यांवरून पुनःपुन्हा उडत राहिले. खाली चीनने १९५७ मध्ये पुरा केलेला सिंकियांग-तिबेट रस्ता होता. इंजिन बंद पडले तर उतरावयास जागा नाही आणि उतरलेच तर सोडवावयास कोणी येणार नाही, असा तो मुलूख.

त्या छायाचित्रांचे पुढे काय झाले? उतारवयातल्या मुलाखतींतून नाथांनी स्पष्ट सांगितले, की चिनी फौजांची जमवाजमव त्यांनी टिपली होती, कळविली होती, आणि तिचा उपयोग केला गेला नाही. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी आक्रमण सुरू झाले. महिनाभर आपली सेना मागे मागे येत राहिली. या महिन्यात हवाई दलाची वाहतूक विमाने व हेलिकॉप्टरे जिवाचे रान करीत होती. परंतु लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानांना हल्ल्याची आज्ञा अखेरपर्यंत मिळाली नाही. तिबेटात चीनचे हवाई बळ तेव्हा तोकडे होते आणि ते आपण पाहून आलो होतो, हे नाथ पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आज्ञा दिली असती तर युद्धाचा निकाल फिरला असता की काय, याविषयी जाणकारांत दुमत आहे आणि एखाद्या वार्षिकांकाच्या लेखाने ते मिटणार नाही. पण नाथांना पहिले महावीर चक्र मिळाले ते याच उड्डाणांबद्दल. एका हाताने पदक देण्यात आले. दुसऱ्या हातात त्याच माणसाने आणलेली छायाचित्रे होती आणि ती मिटून ठेवलेली होती.

मग आले १९६५. नोव्हेंबर १९६२ मध्येच संरक्षणमंत्रिपद यशवंतराव चव्हाणांकडे गेले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या वाक्याला अर्थ कोठे आला, तर १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी. छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. सेनेने विमानांची मागणी केली, हवाई दलप्रमुख अर्जनसिंग चव्हाणांपुढे उभे राहिले, आणि चव्हाणांनी परवानगी दिली. त्याच संध्याकाळी विमाने उडाली. घाईत पाठविलेल्या जुन्या विमानांची हानी झाली हेही खरे आहे. परंतु निर्णयाला लागलेला वेळ तासांत नव्हे, मिनिटांत मोजावा लागतो.

या युद्धात नाथ पुन्हा तेच करीत होते. शस्त्र नाही, सोबतीला लढाऊ विमान नाही, खाली या वेळी जागरूक शत्रू, आणि त्या शत्रूकडे सेबरच्या जोडीला स्टारफायटरही. त्याच महिन्यात एक बॉम्बफेकी कॅनबेरा स्टारफायटरने पाडले आणि त्याचा नॅव्हिगेटर मारला गेला. नाथ पाकिस्तानी विमानतळांची व लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेऊन परतत राहिले. जेथे जन्मलो त्याच प्रांतावर कॅमेरा रोखताना त्यांना काय वाटले असेल? फाळणीच्या कथा वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न सुचावयास हरकत नाही. या वेळी त्यांनी आणलेले चित्र लढणाऱ्यांच्या हाती पोचले. फितीवर पट्टी चढली.

आता ही दोन पदके शेजारी ठेवून पाहावीत. माणूस एकच, विमान एकाच जातीचे, धाडस त्याच तोलाचे. दोन्ही वेळी पदक तेच आणि फितीचा रंगही तोच. फरक होता तो दिल्लीत. ज्याने पाहिले आणि ज्याने ठरविले, त्या दोघांमधले अंतर १९६२ मध्ये ओलांडता आले नाही. १९६५ मध्ये ते पुष्कळसे ओलांडले गेले. पदकावर यातले काहीच कोरलेले नसते.

यावर आमच्या एन.सी.सी.तल्या मित्रांचा आक्षेप मला ऐकू येतो आहे. पदक हे सैनिकाच्या शौर्याला असते, सरकारच्या शहाणपणाला नव्हे. मग दोन्हींची गल्लत का करावी? आक्षेप सयुक्तिक आहे. हरलेल्या युद्धातला पराक्रम अधिक कठीण असतो, आणि त्याचा सन्मान झालाच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की गौरव केला म्हणजे ऐकण्याची जबाबदारी संपली, ही समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात फार खोल रुजली आहे. शाल, श्रीफळ आणि चक्र ही कधी कधी माणसाला आदरपूर्वक गप्प बसविण्याची साधने होतात. विशेषतः टेहळणीसारखी कामे गुप्त असल्यामुळे मानपत्रेही मोघम राहतात. धाडसी कामगिरी, कर्तव्यनिष्ठा, प्रतिकूल हवामान. पण कोठे, कशासाठी आणि पुढे काय झाले, ते गुलदस्त्यात.

गौतमांची गोष्ट याहून निराळी. तेही कॅनबेराचेच वैमानिक, पण बॉम्बफेकीचे. पहिले महावीर चक्र १९६५ चे, दुसरे १९७१ चे, आणि खेरीज वायुसेना पदक. युद्धांतून ते सुखरूप परतले, आणि १९७२ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ मिग विमानाच्या अपघातात, वयाच्या चाळिशीच्या आत, गेले. शांततेतला तो मृत्यू. त्याला वेगळी फीत नाही.

नाथ दीर्घायुषी झाले. १९६९ साली ते हवाई दलातून निवृत्त झाले, पुढे एअर इंडियात गेले, आणि २०२३ साली मुंबईत निवर्तले. ज्या जातीच्या विमानाने त्यांनी दोन्ही चक्रे मिळविली ते कॅनबेरा पन्नास वर्षांच्या सेवेनंतर २००७ मध्ये हवाई दलाने निवृत्त केले. त्या कॅमेऱ्यांत आज कोणत्याही शत्रूला रस असण्याचे कारण नाही. १९६२ च्या पराभवाची चौकशी ज्या दोघांनी केली, त्या हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा १९६३ चा अहवाल (यातले भगत स्वतः व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी होते) शासनाने अधिकृतपणे प्रकाशित केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने उघड केला तेवढाच. २०२१ साली संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केले, की युद्धविषयक कागदपत्रे सामान्यतः पंचवीस वर्षांनी खुली व्हावीत. मग इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, आणि त्यांना शिकविणाऱ्या आमच्या गुरुजनांनीही, १९६० ते १९६२ मधल्या त्या छायाचित्रांची व त्यांवर लिहिलेल्या शेऱ्यांची मागणी करावी. प्रत्येक छायाचित्रामागे तारीख असेल. ते कोणाच्या टेबलावर कधी पोचले आणि कोणी काय लिहून ते पुढे सरकविले किंवा ठेवून दिले, हेही त्या कागदांत असेल.