जुनी बेंटली, नवा हरताळ : ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ यांतला फरक

१/ विंटेज मोटारींच्या जगात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, “फेरफार झाले की गाडीचा इतिहास संपला.” दुसरा म्हणतो, “गाडी माझी आहे, ती पळण्यासाठीच जन्मली. मी तिचे हवे ते करीन.” माझ्या मते हे दोन्ही पक्ष इतिहासाची हानी करतात. कशी, ते एका गाडीच्या आधारे मांडतो. थ्रेड जरा लांबेल.

२/ गाडी : बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. सहा सिलिंडरांचे, साडेसहा लिटरचे इंजिन. १९२९ ची ले मान्सची चोवीस तासांची शर्यत वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी हिच्यावर जिंकली. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक बेंटलीचे होते. १९३० साली बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन या जोडीने हिच्यावरच पुन्हा बाजी मारली.

३/ शर्यतीची गाडी म्हणजे सतत चालू असलेले काम. १९३१ साली ब्रुकलँड्सची पाचशे मैलांची शर्यत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी हिच्यावर जिंकली. १९३२ साली त्याच शर्यतीत ती आठ लिटरचे इंजिन घेऊन उतरली. जॅकचा भाऊ क्लाइव्ह चालवत असताना गाडी धावपट्टीच्या उंच उताराचा माथा ओलांडून खाली कोसळली आणि क्लाइव्हचा अंत झाला.

४/ गाडी मात्र मोडीत गेली नाही. शर्यतीऐवजी रस्त्यावर वेगाने चालवण्यासाठी, बंद छपराची कूपे म्हणून ती पुन्हा बांधली गेली. पुढे अनेक दशकांनी, १९९० साली, ती एक कोटी पौंडांना विकण्याचा सौदा ठरला. आणि खरेदीदार अडून बसला : “ही खरी ओल्ड नंबर वन नाहीच!” प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले.

५/ न्यायालयासमोर भागांची झडती झाली. १९२९ च्या गाडीचे, काळ ठरवता न येणारे काही किरकोळ भाग वगळता, काहीच उरले नव्हते. १९३० ची शिल्लक म्हणजे पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. १९३२ च्या गाडीची चॅसिसची चौकट, पुढचा आस आणि आठ लिटरचे इंजिन मात्र टिकून होते.

६/ न्यायमूर्ती ऑटन यांनी दोन शब्द वेगळे केले. ही गाडी काटेकोर अर्थाने ‘मूळ’ नाही, कारण शर्यतीची गाडी तशी राहूच शकत नाही. पण ती कधी नष्ट झाली नाही, आणि तिची जागा दुसऱ्या गाडीने घेतली नाही. भाग बदलत गेले, ओळख अखंड राहिली. म्हणून ती ‘अस्सल’ आहे. निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला.

७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा निकाल परका वाटू नये. मोडी दफ्तरातला अस्सल कागद आपण कशावरून ओळखतो? कोरेपणावरून नक्कीच नाही. शिक्का, समासातले शेरे, वेगळ्या शाईतली दुरुस्ती, घड्यांच्या खुणा यांवरून. कागद ज्या ज्या हातांतून गेला, त्या हातांची नोंद त्याच्यावर असते. डाग नसलेला कागद समोर आला, तर उलट शंका यावी.

८/ म्हणून पहिल्या पक्षाला माझा प्रश्न : ओल्ड नंबर वनमधले आठ लिटरचे इंजिन काढून तिला १९२९ च्या रूपात ‘परत’ नेले, तर काय साधेल? ब्रुकलँड्सचा वेगाचा हव्यास, तिथला मृत्यू, त्यानंतरची पुनर्बांधणी या साऱ्यावर आपण पाणी सोडू. स्पर्धेच्या काळात, स्पर्धेच्या गरजेतून झालेला फेरफार हा इतिहासाचा मजकूर आहे. त्याला डाग म्हणणे अडाणीपणाचे आहे.

९/ आता दुसरा पक्ष. हा अधिक लोकप्रिय आहे आणि माझ्या मते अधिक घातक. त्याचे काम समजण्यासाठी एक गोष्ट ठाऊक हवी : त्या काळी बेंटली कंपनी संपूर्ण मोटार विकत नसे. क्रिकलवुडच्या कारखान्यातून इंजिनासह चॅसिस बाहेर पडे. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घेई.

१०/ वँडन प्लास, गर्नी नटिंग, एच. जे. मुलिनर ही त्या बॉडी बांधणाऱ्या पेढ्यांची नावे. ॲश लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा. कितीतरी गिऱ्हाइकांना शर्यतीशी काही देणेघेणे नव्हते. त्यांनी बंद सलून बांधून घेतल्या, लिमोझिन बांधून घेतल्या.

११/ पुढे काय झाले? ले मान्सची कीर्ती वाढत गेली. जड सलूनची बॉडी उतरवायची, कधी चॅसिस आखूड करायची, वर वँडन प्लासच्या धाटणीची उघडी चार आसनी बॉडी चढवायची आणि हिरवा रंग द्यायचा. वजन घटते, गाडी चपळ होते, क्लबच्या स्पर्धांना आणि वेगवान सफरींना उत्तम. आणि उतरवलेली बॉडी? बहुतेकदा भंगारात.

१२/ सर्वांत बोलके उदाहरण ‘आठ लिटर’ या मॉडेलचे. ऑक्टोबर १९३० मध्ये ते लोकांसमोर आले, आणि त्याच वर्षी कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले होते. एकंदर १०० गाड्या बनल्या. कंपनीच्या चमूने आठ लिटर ले मान्समध्ये कधी उतरवलीच नाही. तरीही त्या शंभरांतल्या कित्येक गाड्या आज ‘ले मान्स’ धाटणीचे कपडे घालून मिरवतात. हे रूप कधी अस्तित्वातच नव्हते.

१३/ यात गमावले काय? चालक आणि मालक यांच्यामधली काचेची भिंत. मागच्या आसनाची गादी आणि पुढच्या आसनाचे चामडे यांतला फरक. सुताराच्या हातचे सांधे. १९३१ साली कंपनी दिवाळखोरीत गेली, त्या मंदीतही कोण काय विकत घेत होते, याचा पुरावा. चार-पाच नामवंत चालकांच्या गौरवासाठी शेकडो अनाम कारागिरांच्या कामावर हरताळ फासला गेला.

१४/ आक्षेप येईल : “लाकूड कुजले होते. कुणी उघडी बॉडी चढवली नसती, तर चॅसिसही भंगारात गेली असती.” अनेक गाड्यांबाबत हे खरे आहे, आणि त्या लोकांचे ऋण मी मान्य करतो. पण ती तेव्हाची नाइलाजाची तडजोड होती. आज धडधाकट सलून सोलली जाते, तेव्हा कारण लाकडाचे नसते, लिलावातल्या किमतीचे आणि मिरवण्याच्या हौसेचे असते.

१५/ दुसरा आक्षेप : “मग काय, गाड्या काचेच्या पेटीत ठेवायच्या?” मुळीच नाही. गाडी धावली पाहिजे. चांगले ब्रेक लावा, प्रखर दिवे लावा, इंजिनाची ताकद वाढवा. माझी अट एवढीच, की केलेला बदल उलटा फिरवता यावा आणि तो लपवला जाऊ नये.

१६/ एक गंमत पाहा. बेंटलीने २०१९ साली जाहीर केले, की आपल्याकडची १९२९ ची सुपरचार्जरवाली ‘ब्लोअर’ सुटी करून, तिचे भाग मोजून, तशाच १२ नव्या गाड्या बांधणार. जाणकारांनी नाके मुरडली. मला विचाराल तर ही नक्कल प्रामाणिक आहे. ती स्वतःला नक्कल म्हणवते आणि तिच्यापायी एकाही जुन्या गाडीचा बळी जात नाही. ले मान्सच्या वेशातली सलून या दोन्ही कसोट्यांवर नापास होते.

१७/ ही काही माझ्या एकट्याची लहर नव्हे. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिव्हाची, तोरिनो सनद हेच सांगते : वाहनाच्या वापराच्या काळात झालेले बदल ही त्याच्या इतिहासाची साक्ष आहे, नंतर करावे लागणारे बदल मोजके असावेत, उलटे फिरवता यावेत आणि त्यांची नोंद राहावी.

१८/ तेव्हा मागण्या तीन. उतरवलेली बॉडी फेकू नका. किमान छायाचित्रे आणि मापे तरी जपा. कोणता भाग कधी आणि का बदलला, याचे टिपण गाडीसोबत ठेवा आणि विकताना पुढच्या मालकाच्या हाती द्या. आणि जी गाडी ले मान्सला धावली नाही, तिच्या नावापुढे ले मान्स लावू नका.

१९/ ओल्ड नंबर वनच्या अंगावर १९२९ चे जवळजवळ काही नाही, तरी ती अस्सल ठरली, कारण तिचा प्रत्येक बदल तिच्या आयुष्याने घडवला होता. एखाद्या सलूनच्या अंगावर कारखान्याचे मूळ इंजिन, मूळ चॅसिस, मूळ क्रमांक असूनही ती खोटे बोलू शकते. गाडी पाहताना ‘मूळ किती उरले?’ एवढ्यावर थांबू नका. ‘काय पुसले, आणि कुणी?’ हेही विचारा. लेखनसीमा.