रूळ सरळ तर काप सरळ



हल्ली गावच्या बैठकांत बी-बियाण्यांच्या जोडीने यंत्रांचेही प्रश्न निघतात. जमीन थोडी, म्हणून अनेक घरांत एखादा मुलगा सुतारकामाकडे वळला आहे. त्याला रुळावर चालणारी करवत हवी असते, बाजारात जिला ट्रॅक सॉ किंवा प्लंज सॉ म्हणतात. घरच्यांना ती किंमत ऐकून धडकी भरते. तेव्हा या करवतीचा हिशेब आज नीट मांडू.

मूळ गोष्ट आपल्या ओळखीची आहे. तिफणीचे पहिले तास सरळ गेले की बाकीची तासे त्याच्या आधाराने सरळ जातात. सुतारही काव लावलेली दोरी ताणून लाकडावर सूत मारतो. पण सूत डोळ्याला वाट दाखवते, हाताला धरून ठेवत नाही. हात ढळला की करवत ढळली. अ‍ॅल्युमिनियमचा रूळ करवतीला नाकासमोर चालवतो, बाजूला जाऊच देत नाही. सरळपणा रुळाचा आहे, मोटारीचा नाही. खरेदीच्या वेळी हे एवढे लक्षात ठेवले तर पुष्कळ पैसे वाचतात.

या यंत्राचे मूळ उसाच्या फडात आहे, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. अमेरिकेत १९२१ च्या सुमारास एडमंड मिशेल या गृहस्थाने ऊस तोडणाऱ्यांचे कष्ट पाहून मोटारीवर चालणारा कोयता बनवला. त्याच कल्पनेतून पुढे लाकूड कापणारी हातातली चकतीची करवत आली व १९२४ साली तिची कंपनी निघाली. अशा करवतीला रुळावर बसवण्याचे काम १९६० च्या दशकात जर्मनीतील फेस्टो कंपनीने केले. तिचीच यंत्रे आज फेस्टूल या नावाने विकली जातात.

रूळ कोठे चालतो, कोठे नाही

हे समजून घ्यायला होडीसारखा दुसरा गुरू नाही. मुंबईत वरळीच्या टोकाला, जुन्या किल्ल्याला लागून वरळी कोळीवाडा आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू त्याच्या समोरूनच जातो. आपण मृगाआधी औते दुरुस्त करतो, तशी कोळी बांधवांची दुरुस्ती पावसाळ्यात चालते. १ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी लागते, होड्या काठावर येतात आणि बंदी उठण्याच्या आत काम उरकावे लागते. फायबरच्या होड्या आता पुष्कळ झाल्या, तरी लाकूडकाम संपलेले नाही.

लाकडी होडीचा पठाण म्हणजे तळाचा कणा, आणि वांक म्हणजे तिच्या बरगड्या. बरगड्यांवर बसणारी प्रत्येक फळी वळणाची असते. तेथे रूळ कुचकामी. ते काम वाकस, हातकरवत आणि मुरलेल्या नजरेचे. पण त्याच होडीवरचे फळ्यांचे झाकण, बर्फाच्या पेटीचे कप्पे, मरीन प्लायवुडची आडभिंत, हे सारे सरळ कापाचे काम. पेटीचे झाकण तिरके बसले की गारवा निसटतो, बर्फ लवकर विरतो आणि मासळीचा भाव उतरतो.

आपल्याकडेही तसेच आहे. नांगराचा इसाड रुळावर कापता येणार नाही. मधपेटी, रेशीम-किड्यांचे तक्ते, धान्याची कोठी, दाराचे पल्ले मात्र येतील. मधपेटीत चौकटींमधली जागा जास्त राहिली तर माश्या तेथेही पोळे बांधतात व चौकट उचलताना सारे तुटते. तेथे दोन-तीन मिलिमीटरचीही किंमत आहे.

तीन मार्ग

पहिला मार्ग मार्बल कटरचा. दगड कापायचे हे चार इंची यंत्र स्वस्त, म्हणून पुष्कळ कारागीर त्यालाच लाकडाचे पाते लावतात आणि बसत नाही म्हणून वरचे झाकण काढून टाकतात. ही सवय घातक आहे. हे यंत्र मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेते. ११० मिलिमीटरच्या पात्याची कड त्या वेळी ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने धावते. पात्यावर फेऱ्यांची कमाल मर्यादा छापलेली असते. लाकडाच्या कित्येक पात्यांची मर्यादा याहून कमी असते. स्वस्त यंत्र बोटाच्या किमतीला महाग पडते. लाकडासाठी ते वापरू नये.

दुसरा मार्ग सात इंची सर्क्युलर सॉ आणि घरी केलेला रूळ. ही करवत मिनिटाला साधारण ५,००० फेरे घेते, झाकण आपोआप खाली येते आणि खिशाला झेपते. बहुतेक शेतकरी कुटुंबांना हाच मार्ग पुरेसा आहे.

तिसरा मार्ग खऱ्या रुळाच्या करवतीचा. तिचे पाते १६० ते १६५ मिलिमीटरचे. काप सुरू करेपर्यंत ते झाकणातच असते. खाली दाबले की उतरते, हात सैल केला की वर जाते. रुळाच्या कडेला रबराची पट्टी असते. ती लाकूड दाबून धरते, म्हणून वरच्या थराचे कुसळ उडत नाहीत. लॅमिनेट लावलेले प्लायवुड रोज कापणाऱ्याला ही सोय मोलाची आहे.

घरचा रूळ असा करावा

१. सहा मिलिमीटर प्लायवुडची सुमारे एक फूट रुंदीची पट्टी घ्यावी. तिच्यावर बारा मिलिमीटर प्लायवुडची तीन इंची पट्टी चिकटवून स्क्रूने पक्की करावी. वरच्या पट्टीची कारखान्यातून आलेली सरळ कड करवतीच्या बाजूला ठेवावी.

२. करवतीचा तळ या कडेला टेकवून एकदा शेवटपर्यंत चालवावी. खालच्या पट्टीचा जादा भाग कापला जाईल. राहिलेली कड म्हणजे नेमकी कापाची रेघ.

३. पुढे ही कड खुणेवर ठेवावी, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावावे आणि कापावे. पाते खुणेच्या टाकाऊ बाजूला चालेल असे पाहावे.

४. ज्या करवतीने रूळ केला तिच्यासाठीच तो वापरावा. वेगळ्या जाडीचे पाते लावले तर नवा करावा.

काप घेताना प्लायवुडची चांगली बाजू खाली ठेवावी, कारण पात्याचे दात खालून वर येतात व कुसळ वर निघतात. खोली मालाच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच जास्त ठेवावी. तक्त्याखाली चार आडव्या पट्ट्या किंवा थर्माकोलचा जाड तक्ता पसरावा. तक्ता मधे झुकला की काप मिटतो, पाते अडकते आणि करवत उसळून अंगावर येते. बहुतेक मोठे अपघात असेच होतात.

विकत घ्यायचाच असेल तर

प्लायवुडचा पूर्ण तक्ता आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरचा. १४०० मिलिमीटरच्या रुळावर त्याची फक्त रुंदी कापता येते. लांबी कापायला तीन मीटरचा रूळ किंवा दोन जोडलेले रूळ लागतात. जोडल्यावर लांब सरळ पट्टी लावून सांधा तपासावा. जू बैलांच्या मापाचे हवे, तसा रूळ करवतीच्या मापाचा हवा. फेस्टूल आणि मकिता यांच्या करवती एकमेकींच्या रुळावर चालतात. डिवॉल्ट व बॉश यांचे रूळ वेगळ्या घडणीचे आहेत. रूळ आधी ठरवावा, मग यंत्र.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि नाव बांधणारे, दोन्ही कारागीर येतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. तेवढ्या रकमेत नावाजलेली रुळाची करवत रुळासह बसत नाही. चांगली सर्क्युलर सॉ, क्लॅम्प, गुण्या व दोन चांगली पाती बसतात. कर्ज काढून मोठे यंत्र घेण्याआधी घरच्या रुळावर सहा महिने काम करावे. महिन्याला किती तक्ते कापले याची वहीत नोंद ठेवावी. दर आठवड्याला आठ-दहा तक्ते कापले जात असतील तर मोठे यंत्र विचारात घ्यावे. महिन्याला दोन-चारच असतील तर ते कोपऱ्यात धूळ खाईल आणि हप्ता मात्र दरमहा दारात उभा राहील.

घरातल्या सर्वांनी पाळायचे नियम

चष्मा व तोंडाला फडके बांधल्याशिवाय करवत सुरू करू नये. फिरत्या पात्याजवळ हातमोजे, उपरणे, सैल बाह्या नकोत. वीज गेली तर आधी खटका सोडावा आणि पिन काढावी, नाहीतर वीज येताच यंत्र अचानक सुरू होते. पाते बदलतानाही पिन काढलेलीच हवी. जोडणी तीन पिनांची, अर्थिंग असलेली घ्यावी. मुलांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे.

इतके करूनही बोट तुटलेच तर जखम स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरावी व हात उंच ठेवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ त्या भागाला थेट लागू देऊ नये. जखमीला व पिशवीला बरोबरच, मोठ्या दवाखान्यात ताबडतोब न्यावे. जेथे करवत चालते तेथे भिंतीवर हे चार नियम मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत.