जुन्या कॉर्टिनाला काय द्यावं, काय देऊ नये

आपल्याकडे जुन्या गाड्यांची रॅली म्हटलं की डोळ्यांसमोर मिरवणूक येते. रविवारची सकाळ, मुंबईतला रुंद रस्ता, पितळी दिव्यांच्या चकचकीत गाड्या, फेटे बांधलेले मालक आणि फुटपाथवर मुलांना खांद्यावर घेऊन उभे असलेले अब्बा. गाडी तापली तर बाजूला घेतात, थंड पाणी घालतात, पुन्हा निघतात. कुणाला कसली घाई नसते.

इंग्लंड-युरोपात जिला ‘हिस्टॉरिक रॅली’ म्हणतात, ती ही नव्हे. तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या खरोखर स्पर्धेत उतरतात. एक प्रकार बंद केलेल्या रस्त्यांवर वेगाने धावण्याचा, जंगलातल्या खडीवर किंवा डांबरावर. दुसरा प्रकार ‘रेग्युलॅरिटी’चा. त्यात चालू रस्त्यावर ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो. वाटेत लपवलेली तपासणीची ठिकाणं असतात. लवकर पोहोचलात तरी सेकंदामागे दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर ही सरासरी ताशी ३० मैलांच्या वर ठेवता येत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्री, पावसात, बैलगाडीच्या वाटेएवढ्या गल्लीवजा रस्त्यावर, दर दोन मिनिटांनी वळण शोधत ती सरासरी सांभाळून दाखवा!

हा विषय या महिन्यात घेण्याचं कारण म्हणजे उत्तर इंग्लंडमधून आलेलं एका वाचकाचं पत्र. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, आता तिसरी पिढी तिकडे वाढते आहे. त्यांच्या भाच्याने १९६५ ची फोर्ड कॉर्टिना जीटी घेतली आहे आणि तिला रॅलीसाठी तयार करायची आहे. मोठं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, रुंद चाकं अशी यादी काढून तो मामूंकडे पैसे मागतो आहे. मामू विचारतात, ‘पैसे द्यायला हरकत नाही, पण हे सगळं केल्यावर ती कॉर्टिना राहील का? आणि पोरगा धडधाकट घरी येईल का?’ दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. मला तर दोन्हींचं उत्तर बरंचसं एकच दिसतं.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. साठच्या दशकात कॉर्टिना म्हणजे ब्रिटनमधल्या मध्यमवर्गाची घरगुती गाडी. १९६३ साली फोर्डने तिची जीटी आवृत्ती काढली. १,४९८ सीसीचं इंजिन, ७८ अश्वशक्ती, पुढे डिस्क ब्रेक. त्याच वर्षी कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीच्या हातून तिचं आणखी तिखट रूप आलं, लोटस कॉर्टिना. दोन कॅमशाफ्टचं १,५५८ सीसीचं इंजिन, दोन वेबर कार्बोरेटर, १०५ अश्वशक्ती. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं, रंग पांढरा आणि बाजूला हिरवा पट्टा. दिसायला शाळेत मुलं सोडणारी गाडी, पण १९६४ साली जिम क्लार्क यांनी तिच्याच जोरावर ब्रिटनची सलून गाड्यांची चॅम्पियनशिप जिंकली.

आता या गाडीच्या पोटातली एक गोष्ट सांगतो. नव्या मालकाला मी सर्वांत आधी तीच ऐकवेन. चॅपमन यांनी लोटस कॉर्टिनाच्या मागच्या बाजूला नेहमीचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवल्या आणि अॅक्सल धरून ठेवायला इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट दिली. शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकवर ही रचना झकास चालायची. पण चौकटीचा सगळा भार डिफरन्शियलच्या घरावर यायचा. ते सैल पडून तेल गळायचं, आणि ते तेल नेमकं चौकटीच्या रबरी बुशांवर पडून त्यांना मऊ करायचं. खडबडीत रस्त्यावर तर विचारूच नका. शेवटी १९६५ साली कंपनीने स्वतःच ही रचना काढली आणि साध्या कॉर्टिना जीटीचे पाटे मागे बसवले, अॅक्सल धरायला जोडीला दोन दांडे दिले. आपल्या ट्रकला असतात, तसेच पाटे! त्यानंतर १९६६ ची ब्रिटनची आरएसी रॅली बेंग्ट सोडरस्ट्रॉम यांनी लोटस कॉर्टिनानेच जिंकली. कागदावर मागे गेलेली गाडी रस्त्यावर पुढे गेली.

१९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनचा मुंबईशी थेट संबंध आहे. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या आणि तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत पोहोचल्या. इथून त्या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईला पहिल्या नंबरवर होती रॉजर क्लार्क आणि ओव्हे अँडरसन यांची लोटस कॉर्टिना. ऑस्ट्रेलियात मात्र तिच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह गेला. संघातल्या दुसऱ्या कॉर्टिनाचे भाग काढून तिला उभं केलं, तर पुढे डिफरन्शियल तुटलं. तेव्हा रस्त्याकडेला दिसलेल्या एका कॉर्टिनाच्या मालकाला गळ घालून त्याच्या गाडीचा मागचा अॅक्सल विकत घेतला आणि तो बसवून क्लार्क पुढे निघाले. त्या मालकाने घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. शर्यत जिंकली अँड्र्यू कोवन यांच्या हिलमन हंटरने. हीच गाडी इराणमध्ये ‘पैकान’ नावाने बनत असे आणि तेहरानमध्ये पुढे अनेक वर्षं टॅक्सी म्हणून धावली. कोवन यांना नशिबाची साथही मिळाली, कारण आघाडीवरची सिट्रोएन शेवटच्या टप्प्यात समोरून आलेल्या गाडीवर आदळली. पण आघाडीच्या गाड्या एकामागून एक मोडत असताना त्यांची साधी गाडी धड होती, हे काही नशीब नव्हे.

दोन वर्षांनी लंडन-मेक्सिको रॅलीत फोर्डने धडा गिरवलेला दिसतो. त्यांच्याकडे दोन कॅमशाफ्टचं जोरकस इंजिन तयार होतं, तरी एस्कॉर्ट गाड्यांना साधं पुशरॉडचं इंजिन मोठं करून बसवलं. का, तर वाटेत मिळेल ते पेट्रोल त्याला चालावं आणि वाटेतच दुरुस्त करता यावं. हानू मिकोला आणि गुन्नार पाल्म त्याच एस्कॉर्टने पहिले आले.

म्हणून भाच्याची यादी उलटी करावी, असं मला वाटतं. गाडी थांबते कशी, ती एकसंध राहते कशी, रात्री तिला दिसतं कसं, हे आधी पाहायचं. ताकद शेवटी.

पहिला खर्च पत्र्यावर. या गाड्यांत पुढच्या शॉक अॅब्झॉर्बरचं वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्याला धरलेलं असतं. तिथे गंज असेल, तर बाकी सगळं व्यर्थ. मागचे पाटे जिथे अडकवतात ती जागा आणि दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्यासुद्धा टोचून पाहायच्या. रंग कितीही सुंदर असो, स्क्रूड्रायव्हर आत गेला की खरं कळतं. गंज कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, पुढच्या टोकांवर मजबुतीचे तुकडे बसवायचे. हे काम कुणाला दिसत नाही. हौशी मालक ते टाळतात, त्याचं कारण बहुधा हेच.

मग ब्रेक. त्या काळच्या कॉर्टिनाला ब्रेकची एकच वाहिनी. एक होज फुटला की पॅडल थेट तळाला आणि चारही चाकं मोकळी. दोन स्वतंत्र वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर बसवणं हा बदल गाडीचा चेहरा बदलत नाही, जीव मात्र वाचवतो. आपला भाचा ज्या स्पर्धेत उतरणार आहे, तिचे नियम पाहून हा बदल पहिल्या आठवड्यात करून घ्यावा. होज सगळे नवे, पॅड चांगल्या प्रतीचे. खालून जाणाऱ्या ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या दगड लागणार नाहीत अशा वळवायच्या, आणि ऑइल चेंबरखाली जाड पत्र्याचं कवच लावायचं.

पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या फेकूनच द्याव्यात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. शिवाय ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. जीटीच्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या करून घेतल्या नाहीत, तर सतत जोरात चालवताना त्या झिजतात.

वीज ही तर रात्रीच्या रॅलीची निम्मी लढाई. मूळ डायनॅमो हळू चालताना जेमतेम चार्ज करतो. त्यावर चार जादा दिवे, वायपर, नॅव्हिगेटरचा नकाशाचा दिवा एवढं सगळं लावलं, तर पहाटेपर्यंत बॅटरी बसते. नियम परवानगी देत असतील तर अल्टरनेटर, दिव्यांना रिले आणि सगळी वायरिंग नवी. पन्नास वर्षांत दहा मिस्त्र्यांनी जोडलेल्या तारांवर भरवसा ठेवू नये.

संयमाचा बदल कसा असतो, याचा माझा आवडता नमुना लोटस इंजिनाच्या वॉटर पंपाचा आहे. मूळ रचनेत हा पंप इंजिनाच्या पुढच्या झाकणातच बसवलेला आहे. फॅन बेल्ट जरा जास्त ताणला की त्याचं बेअरिंग जातं, आणि एवढासा पंप बदलायला इंजिनाचा पुढचा भाग खोलावा लागतो. आता असं झाकण मिळतं, ज्यातला पंप सुटा काढता येतो. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. पण हॉटेलच्या आवारात रात्री तासाभरात काम होतं. साठच्या दशकातल्या मेकॅनिकने हे पाहिलं असतं, तर त्याने कपाळाला हात लावून म्हटलं असतं, ‘हे आधी का नाही सुचलं?’ कुठलाही बदल करताना मी हाच माणूस मनात उभा करतो. पाच गिअरचा बॉक्स पाहून तो काय म्हणेल? तो बॉक्स बहुतेक वेळा फोर्ड सिएराचा असतो, म्हणजे ऐंशीच्या दशकातला. हायवेवर इंजिन शांत चालतं हे खरं, पण नियम काटेकोर असतील तिथे त्या गाडीला दारातूनच परत पाठवतात. चढावाच्या रस्त्यांसाठी डिफरन्शियलचं गुणोत्तर बदलणं हा त्या काळातलाच उपाय आहे आणि तो पुरतो. चाकं १३ इंचीच ठेवावीत. रुंद टायरसाठी मडगार्डचा पत्रा कापावा लागतो, आणि कापलेला पत्रा परत येत नाही.

इंजिनाला हलकासा हात लावायला हरकत नाही. नीट जुळवलेलं हेड, मोकळा एक्झॉस्ट, चांगलं इग्निशन. पण तीव्र कॅमशाफ्ट घातला की खालच्या आरपीएमला इंजिन मरगळतं, आणि रॅलीत वळणातून बाहेर पडताना खालचाच जोर लागतो. ट्रॅकवरच्या मित्रांचं ऐकून पोरं इथे फसतात.

धातूच्या पिंजऱ्याबद्दल मात्र दोनदा विचार करावा. बंद रस्त्यावरच्या वेगवान रॅलीत पिंजरा, हेल्मेट, शर्यतीचे पट्टे, अग्निशामक आणि बॅटरी तोडणारा स्विच लागणारच, तिथे वादाला जागा नाही. रेग्युलॅरिटीत पिंजरा सहसा सक्तीचा नसतो आणि हेल्मेटही घालत नाहीत. उघड्या डोक्याजवळ लोखंडी नळी म्हणजे छोट्या धक्क्यातही इजा. शिवाय पिंजरा घट्ट करायला पत्र्याला वेल्ड करावं लागतं. मूळ लोटस कॉर्टिना पहिल्या रूपात सुमारे ३,३०० बनल्या. त्यातली एखादी न छेडलेली, मूळ रंगाची गाडी कुणी कापत असेल, तर मी त्याचा हात धरेन. जिचा इतिहास आधीच पुसला गेला आहे, पाच वेळा रंगवली, तीन वेळा पत्रा बदलला, अशी गाडी स्पर्धेला खुशाल घ्यावी. या हिशोबाने भाच्याची जीटी चांगली निवड आहे. किंमत कमी आणि अपराधीपणाही कमी.

शेवटचा मुद्दा कागदाचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी ‘एफआयए’चा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो. त्यात गाडीचा काळ ठरलेला असतो. १९६२ ते १९६५ हा एक काळ आहे आणि ही कॉर्टिना त्यात बसते. त्या मॉडेलला तेव्हा अधिकृतपणे जे भाग मंजूर होते, तेवढेच चालतात. ते मंजुरीचे जुने कागद मिळवून, हातात घेऊन मगच दुकानात जावं. अनेकांनी आधी हजारो पौंडांचे भाग घेतले आणि नंतर कागद वाचला. मामूंनी पैसे द्यावेत, पण हप्त्याहप्त्याने. पहिला हप्ता पत्रा आणि ब्रेकला. गाडी दोन-तीन छोट्या रेग्युलॅरिटी रॅली पार करून स्वतःच्या चाकांवर घरी आली, की दुसरा. आणि नॅव्हिगेटरच्या खुर्चीसमोर जुना स्वीडिश हाल्डा अंतरमापक मिळाला तर जरूर बसवावा. त्याची केबल वंगण मागते आणि टायर बदलला की अंतर पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, एवढं ध्यानात असू द्यावं.