कलेतिहासाची डॉक्टरेट : कोणासाठी, कशासाठी?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात संशोधकांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला असता, पीएच.डी. करून ही मुले असे कोणते दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा प्रश्न सत्ताधारी बाजूने विचारला गेला. त्यावर गदारोळ झाला आणि काही दिवसांनी तो शमलाही. प्रश्न मात्र शमलेला नाही. कारण तो केवळ एका मंत्र्याच्या मनातला नव्हे. कलेच्या इतिहासात डॉक्टरेट करण्याचा मनोदय एखाद्या मुलाने वा मुलीने घरी बोलून दाखविला, तर मध्यमवर्गीय घरातील वडीलमाणसे शब्द निराळे वापरतील, आशय हाच असेल. औषधनिर्माणशास्त्रातील प्रबंधाचा उपयोग कोणालाही सांगता येतो. जुनी चित्रे आणि पडकी देवळे यांच्यापायी उमेदीची पाच-सहा वर्षे खर्ची घालण्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न अरसिकपणाचा म्हणून झटकून टाकण्यापेक्षा त्याचे सरळ उत्तर देणे अधिक बरे.

उत्तरादाखल एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. बी. एन. गोस्वामी हे भारतीय प्रशासकीय सेवेत होते. १९५८ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि कांगडा चित्रकलेच्या सामाजिक पार्श्वभूमीवर प्रबंध लिहून १९६१ मध्ये पंजाब विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. तोपर्यंत पहाडी चित्रांची वर्गवारी मुख्यत्वे संस्थानांच्या नावांनी होत असे. हे चित्र गुलेरचे, ते बसोहलीचे, ते कांगड्याचे. चित्र राजाच्या खाती जमा होई आणि काढणारा हात बहुधा निनावीच राही. गोस्वामींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या उघडल्या. यात्रेला आलेला यजमान आपले कूळ, गाव, बापजाद्यांची नावे त्यांत नोंदवीत असे. आणि चित्रकारही यात्रेला जातच असत. नैनसुख या थोर चित्रकाराची १७६३ ची नोंद अशाच एका वहीत मिळाली. या नोंदींच्या आधारे पंडित सेऊ, त्याचे पुत्र माणकू व नैनसुख आणि त्यांची पुढची पिढी असे एक सबंध घराणे उभे राहिले. शैलीचा आधार संस्थान नसून चित्रकाराचे कुटुंब होय, हा सिद्धान्त गोस्वामींनी १९६८ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मांडला. ज्यांची कला जगभरच्या संग्रहालयांत मिरवत होती, त्या कारागिरांना त्यांची नावे परत मिळाली. कलेच्या इतिहासाचे प्रयोजन याहून नेमक्या शब्दांत सांगणे कठीण आहे.

अशी साधने महाराष्ट्रात नाहीत असे नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. सिंधुदुर्गातील पिंगुळीला ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीच्या पोथ्या आहेत. उणीव आहे ती मोडी दस्तऐवज आणि चित्र ही दोन्ही सारख्याच अधिकाराने वाचू शकणाऱ्या अभ्यासकांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढणारा गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि मराठी अमदानीतील कलाव्यवहारावरचा मोठा इंग्रजी ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला तो हॉली शॅफर या अमेरिकी विदुषीचा. याबद्दल त्यांचे ऋणच मानले पाहिजे. परक्यांच्या नावाने बोटे मोडण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो आपण आपल्या विद्यार्थ्यांसाठी काय केले, हा.

हे शास्त्र म्हणजे सौंदर्याची रसभरित वर्णने, असाही एक गैरसमज आहे. अजिंठ्याच्या काळाचा वाद पाहिला, तर तो दूर व्हावा. तेथील वाकाटककालीन लेणी शतकभर खोदली जात नव्हती. हरिषेणाच्या राजवटीत, इ. स. ४६० ते ४८० च्या सुमारास, जेमतेम दोन दशकांत ती घडली, असे मत अमेरिकी पंडित वॉल्टर स्पिंक यांनी अर्धशतकाहून अधिक काळ अजिंठ्याचा अभ्यास करून मांडले. दारांच्या बिजागऱ्यांसाठी पाडलेली भोके कशी बदलत गेली, ती झिजली की कोरीच राहिली, इतक्या बारकाईने त्यांनी पुरावा गोळा केला. वाकाटकांच्या अखेरीची आठवण दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत दडली आहे, ही उपपत्ती त्यांनी आधाराला घेतली, आणि ती मूळची आपल्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांची. स्पिंक यांचा कालक्रम सर्वांनाच मान्य नाही. पण तो खोडून काढावयाचा, तरी कोरीव लेख, संस्कृत आणि छिन्नीच्या खुणा या तिन्ही वाचता आल्या पाहिजेत.

येथे एक आक्षेप हमखास येतो. मोठ्या माणसांना पदवीची गरज लागली नाही, असे म्हणतात. ते खरेही आहे. आनंद कुमारस्वामी यांची डॉक्टरेट भूगर्भशास्त्राची होती. पहाडी चित्रकलेवर १९५८ मध्ये प्रमाणभूत ग्रंथ लिहिणारे कार्ल खंडालावाला व्यवसायाने बॅरिस्टर होते. परंतु कुमारस्वामींच्या पाठीशी १९१७ पासून बोस्टनचे संग्रहालय होते आणि खंडालावालांना वकिलीचा आधार होता. तालुक्याच्या गावातील शिक्षकाच्या मुलीने काय करावे? तिच्यासाठी संशोधक म्हणून झालेली नोंदणी हीच दफ्तरखान्याची, ग्रंथालयाची आणि संग्रहालयाच्या बंद कपाटाची किल्ली असते. अधिछात्रवृत्ती हेच तिचे घरचे उत्पन्न असते. पदवीची हेटाळणी ज्यांना परवडते, त्यांच्याजवळ बहुधा दुसरे काहीतरी असते. कलेचा इतिहास हा केवळ सुखवस्तू हौशी मंडळींचा प्रांत राहू नये, असे वाटत असेल, तर डॉक्टरेटचा मार्ग खुला आणि चांगला राखलाच पाहिजे.

तो मार्ग आज चांगला आहे काय? बढतीसाठी घाईघाईने उरकलेले प्रबंध सर्वच विषयांत दिसतात आणि त्यांची लाज बाळगावी हे योग्यच. सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचा बेत सोडून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये नेट, सेट यांसारख्या परीक्षा हीच किमान अर्हता ठरविली, हे म्हणूनच इष्ट झाले. केवळ नोकरीसाठी या वाटेला लागणाऱ्यांचे दडपण त्यामुळे कमी व्हावे. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदवीसाठी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा अवधी आहे. पुनर्नोंदणीने दोन वर्षांची वाढ मिळू शकते, स्त्रिया व अपंग यांना त्याहून सवलत आहे. केंद्राची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. कागदावर हे पुरेसे दिसते. परंतु पालीची किंवा मोडीची पहिली ओळख प्रबंधाच्या पहिल्या वर्षी होत असेल, तर सहा वर्षेही अपुरी पडतात. आणि वृत्तीचे हप्ते रखडले, तर प्रवासही रखडतो.

यासाठी करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. लिपी व भाषा यांचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवरच सुरू करावे आणि संशोधनाच्या अभ्यासक्रमात त्याला पुरेसे गुण द्यावेत. वृत्तीची रक्कम ठरल्या दिवशी पोचावी. सार्वजनिक संग्रहालयांनी विद्यार्थ्यांना प्रबंधापुरती छायाचित्रे विनामूल्य द्यावीत. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाला दुय्यम मानू नये. ज्या गावाच्या मंदिरावर तो लिहिला, त्या गावाला तो वाचता आला पाहिजे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. चित्रे काढण्याइतकीच ती वाचण्याची विद्याही तेथे थोर व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

विलंबाची किंमत या विषयात फार मोठी असते. रॉबर्ट गिल याने अजिंठ्याच्या चित्रांच्या केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या; त्यांपैकी कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या. मूळ चित्रे तर त्या काळातही झिजतच होती. वाड्यांच्या भिंती आगीची वाट पाहत नाहीत. एक पावसाळा आणि एक चुन्याचा हात त्यांना पुरतो.

तेव्हा, कोणा घरी मुलीने हा विषय घेण्याचे बोलून दाखविले, तर काय दिवे लावणार, असे विचारू नये. विचारावयाचेच असेल, तर एवढे विचारावे की, तू कोणती लिपी शिकणार आहेस, आणि कोणाचे नाव शोधणार आहेस? या प्रश्नांना तिच्याजवळ उत्तर असेल, तर तिला अडवू नये.