गळणारी बोट बरी!

मागच्या जूनमध्ये मामाच्या जुन्या बोटीचं शाफ्ट-सील बदलायला हर्णैला गेलो होतो. मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच ही कामं उरकायची.

पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथे पाणी अडवायला ग्लँड असते. तेलकट चौकोनी दोरीची ३-४ कडी शाफ्टभोवती बसवायची, जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, मग नट आवळायचा. मी नेटवर वाचून गेलेलो. म्हटलं, "मामा, हल्ली थेंबही न गळणारं सील मिळतं. तेच टाकू."

"अरे, ही गळायलाच हवी," मामा म्हणाला.

मला पटलं. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब आले की दोरी थंड राहते. फार आवळली तर ती जळते, शाफ्टवर चर पडतो. झिजली तर थेंब वाढतात. नट थोडा आवळून बंदर गाठता येतं. नवं सील कोरडं असतं खरं, पण त्याचा रबर वय झाल्यावर फाटला तर पाणी एकदम आत. नव्या बोटीला, वेळेवर रबर बदलणाऱ्याला ते ठीक. जुन्या बोटीला दोरीच बरी, असं माझं मत.

आम्ही सॉफ्टवेअरवाले तरी काय करतो? एरर दाबून टाकतो आणि स्क्रीन कोरडी दिसली की खूश :)

असो. दोरीच घातली. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरल्यावर मामाचा फोन आला, "गळतेय रे, व्यवस्थित!"